करमणूक आणि करमणे

पगार वेळेवर, मैदान उत्तम, घरभाड्याचा भत्ता निराळा, आणि इतके असूनही एका कबड्डीपटूने अकरा महिन्यांत एका जिल्ह्याच्या गावची नोकरी सोडली. हा गृहस्थ माझा जुना विद्यार्थी. किनवटपासून काही कोसांवर सागाच्या रानात वसलेल्या गोंडांच्या एका गुड्यात त्याचा जन्म झाला. शाळेत असताना शेणाने सारवलेल्या अंगणात जो खेळ तो खेळला, तोच आज त्याच्या चरितार्थाचे साधन झाला आहे. नोकरी सोडण्याचे कारण विचारता तो एवढेच म्हणाला, ‘‘सर, तिथं करमत नाही.’’

हे उत्तर ऐकून मला राग आला, आणि वयाबरोबर अध्यापकाच्या अंगी जो एक दोष बळावत जातो त्यास अनुसरून मी त्यास एक व्याख्यान दिले. खेळाडूने तपस्व्याप्रमाणे राहावे, नाटक-सिनेमा आणि हॉटेले ही त्याच्या मार्गातील विघ्ने होत, लहान गावी ती नाहीत हे त्याचे भाग्यच समजले पाहिजे, इत्यादी इत्यादी. त्याने मान खाली घालून सर्व ऐकून घेतले आणि चहा पिऊन तो निघून गेला. त्या व्याख्यानातील बहुतेक विधाने चुकीची होती असे मला आता वाटते. कोठे चुकलो याचा शोध घेण्याकरिताच हा लेख लिहावयास घेतला आहे.

प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. प्रो कबड्डीची लीग २०१४ साली सुरू झाली, खो-खोची २०२२ साली. आणि जे खेळ आपण आजवर शाळेच्या पटांगणातले म्हणून समजत होतो त्यांवर तरुणांची घरे चालू लागली. अशा खेळाडूंस आपल्या गावी ठेवून घ्यावे ही इच्छा आता लहान शहरांसही होऊ लागली आहे, आणि तेथेच ही तक्रार ऐकू येते की, लहान शहरात करमणूक नाही म्हणून खेळाडू टिकत नाहीत. (महाराष्ट्राच्या क्रिकेट लीगने ही अडचण मोठ्या चातुर्याने टाळली. २०२३ साली तिच्या पहिल्या हंगामात कोल्हापूर, रत्नागिरी, सोलापूर अशी नावे धारण करणारे संघ होते. सामने मात्र सगळे पुण्याजवळ गहुंजे येथे झाले. गावाने नाव द्यावे आणि खेळाडूने त्या गावी जाऊ नये, अशी ही सोय आहे.)

माझ्या व्याख्यानाचा पहिला आधार तालीम हा होता. पहाटे चारला उठणे, जोर-बैठका, आखाडा खणणे, थंडाई, लंगोटाचे व्रत, रात्री लवकर निजणे. या दिनक्रमात करमणुकीस जागा कोठे आहे? लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच वाटेने कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत गेले आणि रुस्तुम-ए-हिंद झाले. पुढे पुण्यास गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी शिकविलेल्या मुलांत पाटोद्याचा राहुल आवारे होता, ज्याने २०१८ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. हे सर्व खरे आहे. परंतु कोल्हापूरचे उदाहरण देणाऱ्याने कोल्हापूर नीट पाहिलेले असावे, आणि मी ते त्या दिवशी विसरलो होतो. शाहू महाराजांनी रोमचे प्राचीन क्रीडागार पाहिले आणि परत आल्यावर खासबागेचे मैदान बांधविले. ते १९१२ साली पुरे झाले. त्याच्या अगदी लगत, भिंतीला भिंत लावून म्हणावे इतक्या जवळ, त्यांनी तीन वर्षांत पॅलेस थिएटर उभे केले. यासच पुढे केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी त्याच गावची, प्रभातचा जन्मही तेथलाच. म्हणजे ज्या शहरास आपण मल्लांची काशी मानतो, तेच शहर त्या काळी नाटकाचे आणि बोलपटाचेही माहेर होते. आमच्याकडेही निराळे नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल आणि लावणीचा फड ही एकाच माळावर नांदतात. पैलवानाने फडाकडे जावे की न जावे हा त्याच्या वस्तादाचा प्रश्न. परंतु जिथे अंग घुसळते तिथे घुंगरूही वाजावे हे आमच्या लोकांनी केव्हाच मान्य केलेले आहे.

तेव्हा वैराग्याचा मुद्दा टिकत नाही. शिवाय तो तालमीतल्या मल्लाच्या बाबतीत थोडाबहुत टिकला तरी आजच्या व्यावसायिक खेळाडूस लागू पडत नाही, याचे कारण त्याच्या धंद्याच्या स्वरूपातच आहे. आपण दिवसभर कचेरीत काम करून संध्याकाळी खेळतो, निदान खेळ पाहतो. त्याचा खेळ हेच त्याचे काम. सकाळी दोन तास, सायंकाळी दोन तास सराव झाला की शरीर थकलेले आणि मन रिकामे अशा अवस्थेत त्यास उरलेला सबंध दिवस काढावयाचा असतो. जे आपले औषध, ते त्याचे अन्न झाले. मग त्याने औषध म्हणून काय घ्यावे? आणखी एक गोष्ट. आपल्या वेदान्तात द्रष्टा आणि दृश्य असा भेद केलेला आहे. हा मनुष्य आपल्या धंद्यामुळे सदा दृश्य झालेला असतो. शेकडो डोळे त्याच्या गुडघ्यांकडे, मनगटांकडे लागलेले. घटकाभर आपण कोणास न दिसता दुसऱ्याकडे पाहत बसावे, ही त्याची भूक कारकुनाच्या भुकेपेक्षा किती तरी तीव्र असली पाहिजे. मोठ्या शहरात चित्रपटगृहाचा अंधार ही भूक भागवितो. लहान गावात अंधारातही कोणी तरी ओळखते, आणि कालची पकड का सुटली म्हणून मध्यंतरात विचारते.

येथे कोणी म्हणेल की, आता करमणुकीचे अंतर उरलेच कोठे? किनवटास पैनगंगा आहे, पावसाळ्यात सहस्रकुंडाचा प्रचंड धबधबा आहे, उनकेश्वरची उष्ण कुंडे आहेत, माहूरची रेणुका फार दूर नाही. आणि हे सर्व नसले तरी मोबाईल आहे. जो चित्रपट मुंबईचा तरुण पाहतो तोच त्याच रात्री पैनगंगेच्या काठी पाहता येतो. हा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने माझा प्रश्नच उलटा केला. करमणूक सर्वत्र सारखी पोहोचली, आणि तरीही ‘करमत नाही’ हे वाक्य गेले नाही! तेव्हा त्या वाक्याचा अर्थ ‘करमणूक नाही’ असा नव्हेच. आपल्या भाषेने हे दोन शब्द एकाच घरातले ठेवले आहेत, परंतु त्यांचे स्वभाव भिन्न आहेत. करमणूक कोणी तरी करतो, ती तिकीट काढून मिळते. करमणे हे आपोआप होते किंवा होत नाही. सासरी गेलेली मुलगी पहिल्या पत्रात ‘मला येथे करमत नाही’ असे लिही, तेव्हा तिच्या बापाने गावात नाटकगृह आहे की नाही याची चौकशी केल्याचे मी कधी ऐकले नाही.

या दृष्टीने पाहू लागले म्हणजे दूरची काही उदाहरणे उलगडतात. केनियात इटेन नावाचे एक लहानसे गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीसशे मीटर उंचीवर. करमणुकीच्या नावाने तेथे जवळजवळ शून्य; पण जगातील अव्वल दर्जाचे धावपटू आपण होऊन तेथे जाऊन राहतात. उंचीवरची विरळ हवा हे एक कारण आहेच, परंतु पहाटे दार उघडताच रस्त्यावर आपल्याच जातीचे, म्हणजे धावणाऱ्यांच्या जातीचे, शंभर लोक दिसतात हे दुसरे. सवंगडी असला की गाव लहान वाटत नाही.

अमेरिकेतील ग्रीन बे हे दुसरे उदाहरण. वस्ती लाखाच्या थोडी वर, म्हणजे आमच्या नांदेडहून किती तरी लहान, हिवाळा कडाक्याचा; पण तेथील फुटबॉलचा संघ १९१९ पासून टिकून आहे, आणि १९२३ पासून त्याची मालकी कोणा धनिकाकडे नसून सामान्य भागधारकांकडे आहे. क्रीडांगणात मात्र ऐंशी हजार माणसे बसतात. तेथे एक गमतीची चाल आहे. हंगामापूर्वीच्या सरावाच्या वेळी गावातील मुले आपापल्या सायकली घेऊन उभी राहतात. ते अगडबंब खेळाडू त्या चिमुकल्या सायकलींवर बसून सरावाच्या मैदानापर्यंत जातात आणि मुले त्यांची शिरस्त्राणे घेऊन बाजूने धावतात. यास करमणूक म्हणता येईल, पण कोण कोणाची करमणूक करतो ते सांगता येणार नाही.

मी त्या विद्यार्थ्यास हे उदाहरण पुढे मोठ्या उत्साहाने सांगितले असते. परंतु त्याच गावाच्या इतिहासात एक प्रकरण असे आहे की ते वाचून माझा उत्साह ओसरला. कृष्णवर्णी खेळाडू त्या गावी जाण्यास फारसे राजी नसत. वरवर कारण तेच, गाव लहान, थंडी फार, करावयाचे काय! खरे कारण असे की, त्या बहुतांशी गोऱ्या गावात त्यांस आपले म्हणता येईल असे घर, देऊळ, केस कापणारा, यांपैकी फारसे काही नव्हते. १९९३ साली खेळाडूंस आपला संघ निवडण्याची मोकळीक मिळाली, त्या वर्षी रेगी व्हाइट या त्या काळच्या श्रेष्ठ कृष्णवर्णी खेळाडूने जाणूनबुजून हेच गाव निवडले; मग इतरही येऊ लागले, आणि १९९७ च्या जानेवारीत तो संघ विजेता झाला. मधल्या काळात गावात नवी थिएटरे उघडली असतील वा नसतील. एक मनुष्य तेथे राहिला, एवढे मात्र घडले.

हे वाचल्यावर मी माझ्या विद्यार्थ्यास फोन केला आणि जो प्रश्न त्या दिवशी विचारावयास हवा होता तो विचारला: राहत कोठे होतास? तो बराच वेळ टाळाटाळ करीत होता. अखेर कळले की, त्या गावात खोली पाहावयास तो गेला तेव्हा तीन घरी त्यास प्रथम आडनाव विचारले, मग गाव विचारले, आणि मग खोली कालच दिली गेल्याचे सांगितले. चौथ्या ठिकाणी खोली मिळाली ती बाजाराच्या मागे, गोदामावर. संध्याकाळी मैदानावर त्याच्या नावाने टाळ्या वाजविणाऱ्यांत त्या तिघांपैकी एक जण नेमाने येत असे, असेही तो हसत हसत म्हणाला. यावर मी काय बोलावे? अकरा महिने जे त्याने गिळले त्यास ‘करमत नाही’ हे दोन सभ्य शब्द त्याने दिले होते, आणि मी त्यांचा अर्थ सिनेमा असा केला होता.

येथे न्यायाने दुसरीही बाजू मांडली पाहिजे. प्रत्येक तक्रारीच्या तळाशी असे काही शल्य असतेच असे नाही. चोवीस वर्षांच्या तरुणास झगमगते रस्ते, मोठी दुकाने, मध्यरात्रीचे आइस्क्रीम हवेसे वाटते ते केवळ हवेसे वाटते म्हणूनच, आणि त्यात मला आता पाप दिसत नाही. मी स्वतः वर्षातून एकदा नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईस नाटके पाहावयास जातो आणि त्यास सांस्कृतिक गरज असे भारदस्त नाव देतो. आपली हौस ती गरज आणि दुसऱ्याची गरज ती चैन, हा न्याय प्राध्यापकास शोभत असेल, पण तो न्याय नव्हे. शिवाय खेळाडूचे वय तोकडे असते. पस्तिशीत त्याचा धंदा संपतो. त्याने चाळिशीनंतर करमणूक करावी असे सांगणे म्हणजे शेतकऱ्याने माघात पेरावे असे सांगण्यासारखे आहे.

लहान गावांस प्रेम करता येत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन खाशाबा जाधव परतले तेव्हा कऱ्हाडपासून गोळेश्वरापर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. तसे स्वागत महानगराच्या हातून होणे नाही. परंतु त्याच खाशाबांस पुढे पोलीस खात्यातील नोकरीत आणि निवृत्तिवेतनाच्या खटपटीत दिवस कंठावे लागले, हेही आपणांस ठाऊक आहे. गाव मिरवणुकीच्या दिवशी मोठे होते. करमणे हा मंगळवार-बुधवारचा विषय आहे: भाजी घेताना कोणी थांबवून बोलते काय, हरल्यावर शेजारीण दारात येते काय, आजारी पडल्यास पेज कोण देते. नगरपालिकेने क्रीडासंकुलाचा ठराव करताना याची तरतूद कोणत्या कलमाखाली करावी हे मला सुचत नाही. पण संकुलाच्या वास्तूपेक्षा गावातल्या भाड्याच्या खोल्यांची चौकशी तिने आधी करावी, इतके सुचते.

गेल्या दिवाळीत त्याने मला आपल्या गुड्यावर बोलाविले. या भागातील गोंडांत त्या दिवसांत दंडार नाचतात. मोरपिसांचा प्रचंड मुकुट, अंगास राख, गळ्यात माळा, हातात काठी अशा वेषातले घुसाडी गावोगाव फिरतात, आणि त्या वेषात असेपर्यंत त्यांस कोणी नावाने हाक मारीत नाही. ढोल सुरू झाले तेव्हा माझा विद्यार्थी कोठे दिसेना. मी त्याच्या आईस विचारले. तिने समोरच्या सातआठ घुसाड्यांकडे हात केला. मी बराच वेळ निरखून पाहिले. चढाई करणाऱ्याचे पाय लपत नाहीत अशी माझी समजूत होती, पण मला ओळखता आले नाही. भोवती बसलेल्या बायका हसत होत्या. नाच पहाटेपर्यंत चालला. सकाळी तो तोंडावरची राख धुऊन चहा घेऊन आला, तेव्हा मी त्यास विचारले, ‘‘पुण्याच्या संघाचे बोलावणे आले आहे म्हणतात, जाणार काय?’’

‘‘जाईन की,’’ तो म्हणाला, ‘‘तिथं खोली आधीच पाहून ठेवलीय.’’