रणगाड्याला मूठमाती देण्याआधी

रणगाड्याचे दिवस भरले, असं आता सगळेच म्हणू लागले आहेत. युक्रेनच्या शेतांत जळून पडलेल्या रशियन गाड्या आपण मोबाइलवर पाहिल्या. २०२५ च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या चार दिवसांत आकाशात क्षेपणास्त्रं आणि ड्रोन होते. सीमा ओलांडून एकही रणगाडा गेला नाही. आमच्या एका अर्थशास्त्रज्ञ स्नेह्यांनी या दोन गोष्टी जोडून एक सरळ निष्कर्ष काढला आहे. भारतीय सैन्यानं १,७७० नव्या रणगाड्यांचा मनसुबा सोडून द्यावा आणि तो सगळा पैसा ड्रोनकडे वळवावा, असं ते लिहितात आणि बोलतात. ते विचारी आहेत, त्यांचं म्हणणं अनेकांना पटतं, म्हणूनच त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवं.

मुळात रणगाड्याचं हे पहिलं मरण नव्हे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर ब्रिटिशांनी तो पहिल्यांदा उतरवला. त्यानंतर प्रत्येक पिढीनं त्याला एकदा तरी तिरडीवर बांधलं आहे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं मरण १९७३ च्या ऑक्टोबरमधलं. सिनाईत इजिप्तच्या पायदळानं सोव्हिएत बनावटीची, तारेवरून चालणारी ‘सॅगर’ क्षेपणास्त्रं वापरून इस्रायलचा ८ ऑक्टोबरचा प्रतिहल्ला मोडून काढला. पेटीत घालून पाठीवर नेता येईल असं अस्त्र एका माणसानं चालवायचं आणि समोर पन्नास टनांची गाडी पेटायची! त्या वेळीही जगभरच्या जाणकारांनी हेच निदान केलं होतं. इस्रायलनं मात्र त्याच युद्धाच्या पुढच्या दिवसांत आपली चूक ओळखली. रणगाडे एकटे धावले होते, सोबत पायदळ नव्हतं, क्षेपणास्त्रं चालवणाऱ्या माणसाला दडपून ठेवणारा तोफांचा मारा नव्हता. ती घडी नीट बसवल्यावर त्याच रणगाड्यांनी सुवेझ ओलांडला. पुढे १९७९ साली ‘मेरकावा’ सैन्यात आला. त्याचं इंजिन पुढे बसवलं होतं, म्हणजे समोरून आलेला गोळा आधी यंत्राला लागावा, माणसाला नंतर. त्याच वर्षी जर्मनीचा ‘लेपर्ड-२’ आला आणि १९८० मध्ये अमेरिकेचा ‘एब्रॅम्स’. ज्या यंत्राचा मृत्यू जाहीर झाला होता, त्याची सगळ्यात चांगली पिढी त्या मृत्यूनंतर जन्मली.

आपला स्वतःचा अनुभव यापेक्षा जवळचा आहे. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर इथे पाकिस्तानचे नव्वदहून अधिक रणगाडे गारद झाले किंवा पकडले गेले. त्यात अमेरिकी पॅटन होते आणि कागदावर ते आपल्यापेक्षा वरचढ होते. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या रिकॉइललेस तोफेनं पॅटन फोडले आणि त्यातच ते धारातीर्थी पडले. आमच्या स्नेह्यांचा हा आवडता दाखला: स्वस्त जीप, महाग रणगाडा. पण ती जीप एकटी नव्हती. शेतांत पाणी सोडलेलं होतं, उसाच्या आडोशाला आपले रणगाडे घोड्याच्या नालेच्या आकारात दबा धरून बसले होते, आणि पॅटनचे चालक त्या चिखलात ओढले गेले होते. त्याच दिवसांत सियालकोट आघाडीवर फिल्लोरा आणि बुतूर डोगरांडीला पूना हॉर्स पलटणीचे सेंच्युरियन रणगाडे लढत होते. ११ सप्टेंबरला जखमी होऊनही लेफ्टनंट कर्नल आर्देशिर तारापोर यांनी माघारी जायला नकार दिला. १६ सप्टेंबरला ते आपल्या रणगाड्यावरच गेले. मुंबईत जन्मलेला, पुण्यात शिकलेला हा माणूस १८१७ साली पेशव्यांच्या पुण्यात उभ्या राहिलेल्या पलटणीचं नेतृत्व करत होता. सहा वर्षांनी त्याच पलटणीतला, पुण्यातच जन्मलेला अरुण खेत्रपाल बसंतरच्या काठी एकविसाव्या वर्षी परमवीर ठरला. त्या दोन्ही ठिकाणी शत्रूचे रणगाडे अडवायला दुसरं काय पुढे जाणार होतं? जमीन घ्यायची किंवा राखायची असेल, तर गोळ्यांच्या वर्षावात पुढे सरकणारं काहीतरी लागतं, आणि त्यात बसलेल्या माणसांना वाचवणारं चिलखतही लागतं. ड्रोन शत्रूला मारू शकतो. गावात शिरून तिथे ठाण मांडणं त्याला जमत नाही.

युक्रेननंही हेच सांगितलं. रशियाचे रणगाडे जाळणाऱ्या त्याच देशानं युरोपकडे आग्रहानं काय मागितलं, तर रणगाडे. २०२३ च्या जानेवारीत जर्मनीनं लेपर्ड आणि अमेरिकेनं ३१ एब्रॅम्स द्यायचं कबूल केलं, तेव्हा कीव्हनं सुटकेचा निःश्वास टाकला.

इथवर माझी बाजू भक्कम आहे. इथून पुढे मात्र स्नेह्यांच्या म्हणण्यातलं एक सत्य मला टाळता येत नाही. तेच एब्रॅम्स २०२४ च्या एप्रिलपर्यंत आघाडीवरून मागे घ्यावे लागले, कारण रशियन ड्रोन त्यांना उघड्यावर उभं राहू देत नव्हते. २०२० च्या नागोर्नो-काराबाख युद्धात आर्मेनियाचे टी-७२ तुर्की ड्रोनांनी वेचून फोडले होते. रणगाड्याचं जाड चिलखत समोर असतं. माथा आणि पाठ पातळ असते, आणि ड्रोन नेमका तिथेच येतो. टी-७२ आणि टी-९० मध्ये तर बावीस गोळे बुरुजाच्या तळाशी, माणसांच्या पायाखाली एका फिरत्या चकतीत रचलेले असतात. यंत्रच गोळा भरतं, त्यामुळे चौथा माणूस वाचतो आणि गाडी बुटकी, हलकी होते. पण चिलखत भेदून ठिणगी त्या चकतीपर्यंत पोचली की बुरूज उडतो आणि आत कुणी उरत नाही. युक्रेनमधली जी दृश्यं पाहून आपण थरारलो, ती या रचनेची दृश्यं होती. आपल्या चिलखती दलाचा कणा याच दोन गाड्यांचा आहे. टी-७२ ला आपण ‘अजेय’ म्हणतो, टी-९० ला ‘भीष्म’.

म्हणजे धोका खरा आहे. पण त्यावरून काढायचा निष्कर्ष वेगळा आहे. युक्रेनमध्ये कोण जिंकतं, कोण तगतं, हे गाडीवरून ठरत नाही. आघाडीवर नवा ड्रोन दिसला, की काही आठवड्यांत त्यावर जाळी, धूर, रेडिओ-लहरींचा अडथळा असा उपाय गाडीवर चढतो, कारण उपाय शोधणारा कारागीर आघाडीच्या मागेच असतो आणि गाडीच्या अंतरंगात हात घालायचा अधिकार त्याच्याकडे असतो. आपल्याकडे हा अधिकार कुणाकडे आहे? मला याच प्रश्नापाशी थांबायचं आहे. या प्रश्नाचं सगळ्यात चांगलं उत्तर मला जालना जिल्ह्यात सापडतं.

असई हे गाव कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे शिंदे-भोसल्यांची फौज आणि आर्थर वेलस्ली यांची गाठ पडली. मराठी शाळेत या लढाईबद्दल एवढंच मनावर ठसतं, की इंग्रजांकडे शिस्त आणि नवी शस्त्रं होती आणि आपण जुनाट होतो. इतिहासकार रँडॉल्फ कूपर यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात हा समज मुळापासून उखडला आहे, आणि मला वाटतं प्रत्येक मराठी वाचकानं ते विवेचन समजून घ्यायला हवं. शिंद्यांच्या तोफा इंग्रजांच्या तोफांइतक्याच उत्तम होत्या. महादजी शिंद्यांनी द बॉइन्य या युरोपीय सेनानीच्या हाताखाली उभ्या केलेल्या पलटणी आणि आग्र्यासारख्या ठिकाणचे तोफांचे कारखाने हे त्या काळातलं अव्वल काम होतं. असईला वेलस्लीची पंधराशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली, म्हणजे त्याच्या लढत्या फौजेच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. इंग्रजी पलटणी तोफांवरून पुढे गेल्यावर, मेल्यासारखे पडून राहिलेले मराठी गोलंदाज उठले आणि त्यांनी त्याच तोफा मागून इंग्रजांवर चालवल्या. पुढे वॉटर्लू जिंकलेला हा सेनापती म्हातारपणीही असईलाच आपली सर्वोत्तम कामगिरी मानत असे. लढाईअखेर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती पडल्या. कमकुवत सैन्याकडून कुणी ९८ तोफा जिंकत नाही.

मग हरलो कशामुळे? कूपर यांचं उत्तर असं, की लढाई सुरू होण्याआधीच आपल्या सैन्याची नाडी दुसऱ्याच्या हातात होती. पलटणींचे अधिकारी युरोपीय होते. १८०३ च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर-जनरल असलेल्या दुसऱ्या वेलस्लीनं जाहीरनामा काढला: शिंद्यांची चाकरी सोडून या, पेन्शन देतो. कित्येक गेले. उत्तरेत शिंद्यांचा सरसेनापती पेराँ स्वतःच सप्टेंबरात इंग्रजांच्या आश्रयाला गेला. युद्ध चालवायला लागणारं कर्जही कंपनीच्या पेढ्यांना अधिक सहज मिळत होतं. १ नोव्हेंबरला लासवारीला शिंद्यांच्या पलटणी जवळजवळ अधिकाऱ्यांविनाच लढल्या आणि गोलंदाज तोफांपाशीच संगिनींनी मारले गेले. इंग्रज सेनापती जनरल लेकनं त्या शौर्याची मनापासून वाखाणणी केली. शौर्य होतं, धातू होता, ओतकाम होतं. पण फौज हाकण्याची विद्या आपण भाड्यानं घेतली होती, आणि भाड्याची विद्या ऐन वेळी मालकाकडे परत गेली.

हा दाखला मी आमच्या स्नेह्यांपुढे ठेवतो, आणि तितक्याच जोरानं त्यांच्या विरोधकांपुढेही ठेवतो. कारण रणगाडा हवाच म्हणणाऱ्यांतले बरेच जण प्रत्येक नव्या गाडीच्या अनावरणाला हार घालतात आणि आत काय आहे ते विचारत नाहीत. ‘विजयंता’ चेन्नईजवळच्या आवडीच्या कारखान्यात बनला, पण आराखडा ब्रिटिश विकर्स कंपनीचा. टी-९० चा करार २००१ चा. परवान्यानं बनवलेल्या पहिल्या दहा गाड्या आवडीहून बाहेर पडायला २००९ उजाडलं. त्या करारानंतर चोवीस वर्षं उलटल्यावर, २०२५ च्या मार्चमध्ये आपण टी-७२ साठी १,००० अश्वशक्तीची इंजिनं पुन्हा रशियाकडूनच मागवली. लडाखसाठीचा ‘जोरावर’ हा रणगाडा दोन-अडीच वर्षांत उभा राहिला याचा मला खरा आनंद आहे. पण त्याचं इंजिन अमेरिकी कंपनीचं आहे आणि तोफेचा बुरूज बेल्जियमचा.

‘अर्जुन’ची कहाणी यातली सगळ्यात वेदनादायक. १९७४ साली मंजुरी, २००४ साली सैन्यात. या तीस वर्षांत सैन्याच्या अपेक्षा वारंवार बदलल्या, शास्त्रज्ञांनी मुदती पुन्हा पुन्हा चुकवल्या, आणि दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. तरीही २०१० मध्ये राजस्थानच्या वाळवंटात टी-९० बरोबर झालेल्या तुलनेत अर्जुननं आपली ताकद दाखवली. त्याची तोफ पुण्यातल्या पाषाणच्या प्रयोगशाळेत घडली, त्याच्या कांचन चिलखताला हैदराबादच्या कांचनबागेचं नाव आहे. त्या तुलनेनंतर ११८ गाड्यांचा पुढचा करार व्हायला २०२१ चा सप्टेंबर उजाडला. अकरा वर्षं कारखान्याचा हात रिकामा राहिला तर कारागिरी टिकत नाही. अर्जुन जड आहे, पंजाबातल्या पुलांना तो पेलत नाही, हे आक्षेप खरे आहेत. पण वजन कमी करायला पुढची आवृत्ती काढावी लागते, आणि पुढची आवृत्ती मागणी सलग असेल तरच निघते.

आणखी एक गोष्ट आहे, जिच्याबद्दल रणगाड्याचे भक्त आणि ड्रोनचे भक्त सारखेच गप्प असतात. ती म्हणजे दारूगोळा. २०१२ च्या मार्चमध्ये लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंग यांचं पंतप्रधानांना लिहिलेलं पत्र फुटलं. त्यात रणगाड्यांकडे महत्त्वाचा दारूगोळाच नाही असं म्हटलं होतं. २०१५ मध्ये महालेखापालांनी सांगितलं, की निम्म्या प्रकारांचा साठा दहा दिवसांनाही पुरणार नाही. २०१७ च्या अहवालातही चाळीस टक्के प्रकारांची अवस्था तीच होती. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात किल्ल्यावरची दारू कुठे ठेवावी, वस्तीपासून किती जपावी, ठरावीक दिवसांनी ती उन्हात कशी घालावी, हे बारकाईनं लिहून ठेवलं आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाला ही गोष्ट हलकी वाटली नव्हती. खडकी, देहूरोड, वरणगाव, चांदा, भंडारा, अंबाझरी: देशाच्या दारूगोळ्याचा मोठा भाग महाराष्ट्रातल्या या कारखान्यांत बनतो. २४ जानेवारी २०२५ रोजी भंडाऱ्याच्या स्फोटात आठ कामगार गेले. वर्तमानपत्रांत दोन दिवस बातमी आली आणि विषय संपला. तेही युद्धसज्जतेचेच बळी होते, आणि त्यांच्या सुरक्षेचा हिशेब रणगाड्याच्या चिलखताइतक्याच काटेकोरपणे मागितला पाहिजे.

सगळंच चित्र निराशेचं नाही. अर्जुनची तोफ घडवणाऱ्या पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेनं घडवलेल्या १५५ मिलिमीटरच्या ओढत्या तोफेला २०२५ च्या मार्चमध्ये ३०७ नगांची मागणी मिळाली. बोफोर्सच्या गदारोळानंतर तोफखान्यानं कित्येक वर्षं नव्या तोफांविना काढली. त्या पार्श्वभूमीवर ही फार मोठी गोष्ट आहे. आराखडा आपला असला म्हणजे काय होतं, ते याच प्रयोगशाळेच्या ‘पिनाक’नं दाखवलं आहे. कारगिलमध्ये प्राथमिक अवस्थेत वापरलेल्या त्या अग्निबाणांचा पल्ला आपण नंतर स्वतःच वाढवत नेला. कुणाची परवानगी लागली नाही.

म्हणून स्नेह्यांना माझं सांगणं असं, की १,७७० गाड्यांचा प्रकल्प रद्द करा ही मागणी सोडा आणि त्याच्या अटींवर लढा. संरक्षण खरेदी परिषदेनं २०२४ च्या सप्टेंबरात त्याला फक्त गरजेची मान्यता दिली आहे. गाडी अजून घडायची आहे. येणारं क्षेपणास्त्र वाटेतच फोडणारी यंत्रणा इस्रायली गाड्यांवर २०११ पासून काम करते आहे. आपल्या गाडीवर माथ्याचं आणि ड्रोनविरोधी संरक्षण पहिल्या नगापासून असेल का? गोळे माणसांपासून वेगळ्या, भिंतीआडच्या कप्प्यात असतील का? इंजिन आणि नेमबाजीची संगणकप्रणाली उघडून बदलायचा हक्क आपल्या कारखान्यांकडे लेखी असेल का? किती दिवसांचा दारूगोळा गाडीबरोबरच मागवला जाणार आहे? संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती दरवर्षी अहवाल मांडते आणि तो कुणालाही वाचता येतो. आपल्या खासदाराला पत्र लिहा आणि हे प्रश्न त्या समितीसमोर मांडायला सांगा. आराखडा गोठला की पुढची चाळीस वर्षं त्यात बदल होणार नाही, आणि त्या गाडीत बसणारी मुलं आज शाळेत आहेत.