आधी हिरड्याचं पाणी

धार जिल्ह्यातल्या बाग गावी कापडावर ठसे उमटवण्याआधी ते हिरड्याच्या पाण्यात बुडवतात. त्याशिवाय रंग धरत नाही. धारच्या राजा भोजाने अकराव्या शतकात प्रेमाविषयी लिहिताना असाच दाखला दिला आहे: तुरट काढ्यातून काढलेल्या वस्त्रावर रंग अधिक चढतो, तसं विरहावाचून मीलनही पुष्ट होत नाही.

भोजाच्या 'शृंगारप्रकाश' या काव्यशास्त्राच्या ग्रंथात 36 प्रकाश, म्हणजे अध्याय, आहेत आणि त्यातला मुख्य सिद्धान्त धाडसी आहे. रस एकच, तो शृंगार. आणि त्याचं मूळ अहंकारात. हा अहंकार म्हणजे ताठा नव्हे. 'मी आहे' या ज्या जाणिवेमुळे माणसाला काहीही गोड वाटू शकतं, ती जाणीव. तिच्यातून हर्ष, शोक, क्रोध असे सारे भाव निघतात आणि शेवटी प्रेमातच मिळतात. प्रेम करायचं तर 'मी' पुसून टाकावा, असं आपल्या घरांत, विशेषतः मुलींना, शिकवलं जातं. भोज नेमकं उलट सांगतो, आणि मला तो पटतो.

1986 मध्ये आर्थर आणि इलेन एरन या मानसशास्त्रज्ञ जोडप्यानेही मांडलं, की प्रेमात माणसाचा 'मी' विस्तारतो. दुसऱ्याचं ज्ञान, नजर, बळ आपल्यात सामावतं. सुरुवातीला हा विस्तार भराभर होतो, म्हणून ओढ एवढी तीव्र असते. वेग मंदावला की ओढही ओसरते. मग माणसं एकत्र का राहतात? याचं उत्तर मूल आणि आई यांच्यातला बंध अभ्यासणाऱ्या जॉन बोल्बीच्या कामात सापडतं. आपण ढासळलो की समोरचा तिथे असेल, या खात्रीतून बंध घडतो. मूल आईकडे वळून पाहतं आणि मगच दूर जायचं धाडस करतं. 1987 मध्ये हझन आणि शेव्हर या मानसशास्त्रज्ञांनी मोठ्यांच्या प्रेमातही हीच घडण दाखवली.

ही घडण मला माळव्यातल्या देवासमध्ये दिसते. गायक कुमार गंधर्व आणि त्यांच्या पत्नी भानुमतीबाई दोघंही प्रा. बी. आर. देवधरांचे शिष्य. 1947 मध्ये लग्न झालं आणि लगेच कुमारजींना क्षयाने गाठलं. कोरड्या हवेसाठी 1948 च्या जानेवारीत ते देवासला आले. गाणं बंद. कोवळ्या वयात मैफली जिंकलेला गळा अंथरुणावर गप्प पडला. भानुमतीबाईंनी शुश्रूषा केली, शाळेत नोकरी करून घर चालवलं. स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि 1953 मध्ये कुमारजी पुन्हा मैफलीत बसले. एक फुप्फुस जवळपास निकामी झालं होतं, पण त्या मौनाच्या वर्षांत कानावर पडलेलं माळव्याचं लोकसंगीत त्यांच्या गाण्यात उतरलं होतं. गाणं बंद असताना ऐकत राहायला, पुन्हा गाईन असं मानायला जी सुरक्षितता लागते, ती त्या घरात होती. औषधाचं श्रेय कमी न करता मी हे म्हणतो.

ही कथा आपण 'पत्नीच्या सेवेची' म्हणून सांगतो, ते मला खुपतं. भानुमतीबाई स्वतः गाणं शिकलेल्या होत्या. एकाचा 'मी' विस्तारत असताना दुसऱ्याचा किती आखडला, हा प्रश्न प्रेमाच्या प्रत्येक थोर कथेला विचारायला हवा. भोजाचा सिद्धान्त दोघांनाही सारखाच लागू आहे. दोघांनाही 'मी' असायला हवा.

1961 मध्ये दुसऱ्या मुलाच्या जन्मावेळी भानुमतीबाई गेल्या. पुढे वसुंधरा श्रीखंडे कुमारजींच्या आयुष्यात आल्या. त्यांनीही देवधरांकडे तालीम घेतली होती. त्या कुमारजींच्या शेजारी बसून गायल्या आणि स्वतंत्रपणेही. घराचं नाव 'भानुकुल'. त्यात आधीच्या पत्नीची आठवण जागती राहिली. विरहाच्या चार प्रकारांत भोजाने मृत्यूने आलेला विरहही गणला. तिथेही त्याच्या लेखी प्रेम संपत नाही. शोकाच्या अभ्यासकांना हे उमगायला विसावं शतक सरत यावं लागलं. मृताशी नातं तोडल्याशिवाय नवं जोडता येत नाही, हा समज तोवर घट्ट होता. वसुंधराताई 'भानुकुल'मध्ये 2015 पर्यंत, अखेरपर्यंत शिकवत राहिल्या.