हेर, चुगलखोर आणि आम्ही

२५ जानेवारी २०२३ ला 'पठाण' प्रदर्शित झाला. प्रजासत्ताक दिनाचा कार्यक्रम आटोपून काही दिवस झाले, तेव्हा नववीच्या वर्गातली निम्मी मुले हेर होऊन शाळेत येऊ लागली होती. कुणी मफलर वेगळ्या तऱ्हेने गुंडाळला होता, कुणी केस वाढवायचे ठरवले होते. एकाने आम्हांला दारातच अडवून कानात सांगितले, ''सर, मी रॉचा एजंट आहे. कुणाला सांगू नका.'' आम्ही हसलो. आम्ही वाशीम जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत शिकवतो. इथे मुलांच्या अंगात इतका उत्साह वर्षातून एकदोनदाच येतो. तो वाया जाऊ देऊ नये, असे आमच्यातल्या मास्तराला वाटले. आमची चूक तिथेच सुरू झाली.

शाळेच्या पाण्याच्या टाकीचा नळ दर आठवड्याला तुटत होता. आम्ही त्या एजंटला बोलावले आणि म्हटले, ''बेटा, तुला एक मिशन देतो. नळ कोण तोडतो, ते गुपचूप पाहून सांग.'' त्याचे डोळे चमकले. चौथ्या दिवशी त्याने एक नाव आणले. तो मुलगा मधल्या सुट्टीत रोज टाकीमागे जातो, एकटाच थांबतो आणि कुणी आले की दचकतो. एवढा पुरावा आम्हांला पुरेसा वाटला. आम्ही त्या मुलाला सगळ्या वर्गासमोर उभे केले, बोललो, वर्गाबाहेर काढले. तो काहीच बोलला नाही. त्याचे गप्प राहणे हाच आम्ही कबुलीजबाब मानला.

पुढच्या आठवड्यात नळवाला आला. त्याने सांगितले की पाइपाचे आटे झिजले आहेत, नळ कितीही वेळा बसवा, निघणारच. म्हणजे नळ तोडणारा कुणी नव्हताच. मग तो मुलगा टाकीमागे का जात होता? त्याच्या डब्यात अनेकदा काही नसायचे. इतर मुले डबा उघडत तेव्हा त्याला तिथे बसवत नसे. त्याने झाकून ठेवलेली एकच गोष्ट होती, आणि आमच्या हेराने नेमकी तीच शोधून काढली.

तेव्हापासून हेरगिरीच्या कथांकडे आम्ही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. या कथांचे वेड आम्हांला नाही असे नाही. आमच्या अब्बांच्या पेटीत इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' आणि 'इमरान सिरीज' होती. अलाहाबादहून निघणारी, कोपरे दुमडलेली ती पुस्तके होती. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद, आणि जगासमोर बावळट म्हणून वावरणारा पण आतून साऱ्या गुप्त सेवेची सूत्रे हलवणारा इमरान ही मंडळी आमच्या घरातलीच होती. इब्ने सफी १९६० मध्ये आजारी पडले आणि तीन वर्षे त्यांची लेखणी थांबली. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' घेऊन ते परतले, तेव्हा सीमेच्या दोन्ही बाजूंच्या वाचकांना ईद झाल्यासारखे वाटले, असे अब्बा सांगत. थांबलेली मालिका पुन्हा सुरू होण्याचा आनंद आम्ही असा ऐकून ओळखतो.

सिनेमातही तसेच होते. जेम्स बाँड १९६२ मध्ये पडद्यावर आला. १९८९ नंतर सहा वर्षे त्याचा चित्रपट निघाला नाही. दरम्यान बर्लिनची भिंत पडली, १९९१ मध्ये सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ज्या शत्रूच्या जोरावर बाँड जगत होता, तो शत्रूच राहिला नाही. १९९५ च्या 'गोल्डनआय'मध्ये त्याची स्वतःची अधिकारी त्याला शीतयुद्धातला उरलासुरला अवशेष ठरवते. तरी मालिका सुरू राहायची तर शत्रू लागतोच. मग तो बाहेर सापडत नाही म्हणून आत शोधला गेला. त्या चित्रपटातला खलनायक हा बाँडचाच जुना सहकारी आहे. त्याच्या आईवडिलांच्या समाजाला ब्रिटननेच स्टालिनच्या हवाली केले होते, आणि तो त्याचा सूड घ्यायला निघाला आहे.

मुंबईत बनलेल्या 'पठाण'ची ठेवणही अशीच आहे. 'एक था टायगर' (२०१२) पासून सुरू झालेल्या आणि 'वॉर' (२०१९) पर्यंत वेगवेगळ्या चाललेल्या कथा या चित्रपटाने एका धाग्यात ओवल्या. २०१८ नंतर नायक म्हणून पडद्यावर न दिसलेला शाहरुख खानही त्यातूनच परतला. इथला खलनायक जिम हाही देशाचा माजी एजंट आहे. त्याच्या गरोदर पत्नीला चाच्यांनी मारले, कारण सरकारने खंडणी देण्याचे नाकारले. आणि नायक? त्याला स्वतःचा धर्म ठाऊक नाही. आईबापांनी त्याला चित्रपटगृहात सोडून दिले होते. अफगाणिस्तानातल्या एका गावातली मुले त्याने वाचवली, म्हणून ते गाव त्याला पठाण म्हणू लागले.

आमच्या मोहल्ल्यात या नावावर टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांत आम्हीही होतो. पण नंतर मनात एक खडा राहिला. आमच्यासारख्या नावाच्या माणसावर विश्वास बसायला त्याने आधी सारे जग वाचवावे लागते का? सोयाबीन विकून, फी भरून, मतदान करून, रांगेत उभे राहून जगणारा माणूस पुरेसा वफादार नसतो का? पुरावा मागणारा मागतच राहतो, आणि देणारा प्रत्येक वेळी आणखी मोठा पुरावा देत जातो. त्या मुलाला वर्गासमोर उभे करून आम्ही तरी वेगळे काय केले? 'तू निर्दोष आहेस हे सिद्ध कर,' असेच आम्ही त्याला न बोलता सांगितले होते.

मग हेरगिरी वाईटच म्हणायची का? तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. कौटिल्याने 'अर्थशास्त्रा'त गूढपुरुषांवर स्वतंत्र प्रकरणे लिहिली. शिवाजी महाराजांच्या पराक्रमाची गोष्ट बहिर्जी नाईकांचे नाव घेतल्याशिवाय पुरी होत नाही. शस्त्र घेऊन चालून येणाऱ्याची बातमी न काढणारे राज्य आपल्या रयतेचा घात करते. आपल्याही इतिहासात याचे उदाहरण आहे. हिजरी ५ मध्ये खंदकाच्या लढाईत, बोचऱ्या थंडीवाऱ्याच्या रात्री, रसूलुल्लाह (स.) यांनी हजरत हुजैफा यांना शत्रूच्या छावणीची बातमी आणायला पाठवले आणि बजावले की तिकडे काही छेडू नकोस. हुजैफा पोहोचले तेव्हा शत्रूचे सरदार अबू सुफियान शेकोटीला पाठ शेकत होते, अगदी बाणाच्या टप्प्यात. हुजैफांनी बाण चढवलाही. मग हुकूम आठवला आणि त्यांनी बाण उतरवला.

बाँडच्या मालिकेत डबल शून्याचा अर्थ ठार मारण्याचा परवाना असा आहे. २००६ च्या 'कॅसिनो रोयाल'ने मालिका पुन्हा पहिल्यापासून मांडली, तेव्हा त्याची सुरुवातच तो परवाना मिळवून देणाऱ्या दोन खुनांनी केली. हुजैफांना परवाना होता तो फक्त जाणून घेण्याचा. या दोन परवान्यांमधले अंतर आम्हांला फार मोलाचे वाटते. आपल्याला काय करता येते, यापेक्षा काय करायचे नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्याच हाती गुपित सुरक्षित राहते.

नूर इनायत खान यांचेही स्मरण इथे व्हावे. त्यांचे वालिद हजरत इनायत खान हे बडोद्याचे, गायकवाडांच्या राज्यातल्या संगीतकारांच्या घराण्यातले सूफी. खोटेपणाची मुळातच चीड असलेली ही मुलगी जून १९४३ मध्ये ब्रिटिशांची बिनतारी संदेशवाहक म्हणून जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये उतरली. ही दुटप्पीपणा करू शकेल का, अशी शंका तिला शिकवणाऱ्यांनाच होती. ती पकडली गेली आणि १३ सप्टेंबर १९४४ रोजी दाखाऊच्या छळछावणीत तिला मारण्यात आले. वय अवघे ३०. १९४९ मध्ये तिला मरणोत्तर जॉर्ज क्रॉस देण्यात आला. खोटे बोलणे ज्याला जड जाते त्यानेच नाइलाजाने ते पत्करावे, हे आम्हांला पटते. ज्याला त्यात मजा वाटते, त्याच्या हाती ते देऊ नये. आम्ही ते नेमके मजा वाटणाऱ्या पोराच्या हाती दिले होते.

तेव्हा प्रश्न हेरगिरी करावी की नाही असा नाही. ती कुणावर, कशासाठी आणि कुणाला जबाब देऊन करावी, असा आहे. सूरह हुजुरातच्या बाराव्या आयतीत तीन गोष्टींची मनाई एकापाठोपाठ येते. आधी बदगुमानी, मग तजस्सुस, मग गीबत. 'जासूस' हा शब्दही या तजस्सुसच्याच घराण्यातला. हा क्रम आम्ही कितीदा वर्गात शिकवला असेल! पण तो कळला टाकीमागे. आधी आम्ही संशय घेतला, मग पाळत ठेवली, मग चारचौघांत त्या मुलाची अब्रू घेतली. हजरत उमर यांची एक रिवायत सांगतात. खलीफा असताना ते एका रात्री भिंत ओलांडून एका घरात शिरले आणि आतल्या माणसाला दारू पिताना पकडले. तो म्हणाला, मी एक गुन्हा केला, पण आपण तीन केले : पाळत ठेवली, दाराऐवजी भिंतीवरून आलात आणि परवानगी घेतली नाही. खलीफांनी ते मान्य केले आणि ते परत फिरले. आमच्या वर्गात आम्हांला असे सुनावणारे कुणी नव्हते, कारण बोलायला जागाच आम्ही ठेवली नव्हती.

आपल्यावर संशय घेतला जातो, ही तक्रार आपण सगळेच करतो, आणि ती खोटी नाही. भाड्याने घर शोधताना नाव सांगून पाहावे. पण हीच पाळत आपल्या मोहल्ल्यात कमी आहे का? कोण जुम्म्याला दिसला नाही, कुणाची मुलगी मोबाइलवर कुणाशी बोलते, कुणाची सून माहेरी किती दिवस राहिली, याची खबर ठेवणारे एजंट आपण पगाराशिवाय नेमले आहेत. मंगरूळपीरला दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यात येणाऱ्या माणसाला, तू कुठला आणि कशासाठी आलास, असे दारावर कुणी विचारत नाही. आपल्या घराच्या ओट्यावर मात्र आपण सगळ्यांची चौकशी करतो. बाहेरच्याने केला तर अन्याय आणि आपण केली तर इस्लाह, असे दुहेरी माप आपल्याला शोभत नाही. ज्याला संशयाची झळ ठाऊक आहे, त्याने तरी ती दुसऱ्याला लावू नये.

नळवाला येऊन गेला त्याच दिवशी आम्ही वर्गात उभे राहून त्या मुलाची माफी मागितली. कारण मात्र सांगितले नाही. नळ झिजला होता, आमचे चुकले, एवढेच म्हणालो. त्याचा डबा त्याचा होता. आमच्या एजंटलाही जवळ घेऊन म्हटले, ''बेटा, चूक तुझी नव्हती, मिशन देणाऱ्याची होती.'' त्याच्याशी चार दिवस कुणी बोलत नव्हते. तेही आमच्याच खात्यावर.

काही दिवसांनी मधल्या सुट्टीत आम्ही सहज टाकीकडे पाहिले. ते दोघे टाकीमागे बसले होते. मध्ये एक डबा होता. तो कुणाचा, ते पाहायला आम्ही गेलो नाही.