मंडळीची सभा आणि प्रभूची सत्ता

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये ६:१–७; १ करिंथ ६:१–८



चांदूर बाजार, अचलपूर, मोर्शी ह्या बाजूच्या गावांतून ज्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्या आहेत, त्यांच्यापुढे आज कोणता मोठा प्रश्न आहे असे विचारले तर पुष्कळ जण म्हणतील, पैशाचा. दुसरे म्हणतील, मुले नागपुरास व पुण्यास गेली, उपासनेस म्हातारी माणसे तेवढी उरली. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु ज्या दुखण्याने चांगल्या चांगल्या मंडळ्यांची शक्ती क्षीण होते ते तिसरेच आहे. वार्षिक सभा जवळ आली की तट पडतात. रविवारी एकाच भाकरीचे भागी झालेले दोघे बंधू सोमवारी अमरावतीस धर्मादाय कार्यालयात एकमेकांविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहतात. मिळकत प्रभूच्या नावाची, आणि भांडण मात्र आपल्या नावाचे. ह्या विषयी आज वचनाच्या प्रकाशात विचार करू.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की, बॅप्टिस्ट म्हणविणाऱ्यांची खूण केवळ पाण्यात बुडवून बाप्तिस्मा घेणे एवढीच नव्हे. १६०९ साली इंग्लंडातून परागंदा झालेल्या काही विश्वासणाऱ्यांनी अ‍ॅमस्टरडॅम येथे जॉन स्मिथ ह्याच्या हाताखाली स्वतःच्या विश्वासाच्या कबुलीवर बाप्तिस्मा घेतला. त्यांतील थॉमस हेल्विस हा १६१२ च्या सुमारास मायदेशी परतला, लंडनजवळ त्याने मंडळी स्थापिली, आणि मनुष्याच्या आत्म्यावर राजाची सत्ता नाही असे त्याने राजासच लिहून कळविले. त्याबद्दल त्यास तुरुंगात टाकले व तेथेच तो मेला. ज्याने स्वतः विश्वास ठेवला व स्वतःच्या तोंडाने कबूल केले, त्यानेच बाप्तिस्मा घ्यावा; आणि ज्याने असा बाप्तिस्मा घेतला, त्यास मंडळीच्या कारभारात आवाज असावा, ही शिकवण अशी किंमत देऊन आपल्यापर्यंत आली आहे. आपणांवर बिशप नाही. आपला धनी ख्रिस्त आहे, व त्याची इच्छा काय ती सर्व सभासदांनी मिळून शोधावी यासाठी सभा आहे. म्हणून बॅप्टिस्ट मंडळीची सभा बिघडली म्हणजे एक कामकाज बिघडले असे नव्हे, तर उपासनाच बिघडली असे समजावे.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पाहा. १९४३ साली अमेरिकेत कन्झर्व्हेटिव्ह बॅप्टिस्ट मिशन स्थापन झाले. त्याच दशकात, मेळघाटातील कोरकू लोकांत व एलिचपुराकडे पूर्वीपासून चाललेल्या कुरकू मिशनच्या कामाची जबाबदारी त्याने उचलली. त्या वेळी वऱ्हाड मध्यप्रदेशात होता. तेथील सरकारने १९५४ साली न्यायमूर्ती नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि १९५६ साली आलेल्या तिच्या अहवालात, धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य उद्देश आहे अशा परदेशी मिशनऱ्यांनी परत जावे अशी शिफारस होती. पुढील काळात परदेशी सेवक एकेक करून गेले. बंगले, विहिरी, शाळा, जमिनी हिंदी लोकांच्या ट्रस्टांकडे आल्या. १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याप्रमाणे विश्वस्तांची नावे नोंदली जाऊ लागली. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. कायदा वाईट नाही, तो गरिबाच्या मिळकतीचे रक्षण करतो. पण ज्या दिवशी विश्वस्त म्हणजे मालक असे कोणास वाटू लागले, त्या दिवशी रोग शिरला.

संत्र्याची बाग राखणाऱ्यांस डिंक्या ठाऊक आहे. बुंध्याशी पाणी साचून राहिले म्हणजे साल कुजते व डिंक वाहू लागतो. वर पाने हिरवी दिसतात म्हणून मालक निश्चिंत राहतो, आणि आत झाड मरत असते. शहाणा बागवान पाण्यास वाट करून देतो, कुजलेली साल खरवडतो व बोर्डो मलम लावतो. मंडळीत साचलेली कुरकूर असेच करते. यरुशलेमेतील मंडळीने तिच्यावर कोणता उपाय केला तो आता पाहू.

पहिली गोष्ट ही की, प्रेषितांनी तक्रार दाबली नाही. हेल्लेणी यहूदी म्हणत होते की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांची उपेक्षा होते. "मंडळीत बोभाटा नको," असे म्हणून बारा प्रेषितांनी त्यांस गप्प बसविले नाही. त्यांनी सर्व शिष्यगणास बोलावले. जे कुजबुजीत होते ते सभेत आले. आपल्याकडे उलट होते. सभेत सर्व मुके, आणि सभा सुटल्यावर ओट्यावर सर्व बोलके. आमच्या मते ओट्यावर बोलणे व सभेत मुके राहणे हे दोन्ही सारखेच अपराध आहेत. आणखी हेही पाहा की ही तक्रार विधवांच्या भाकरीविषयी होती. आज आपल्या सभांत वाद होतो तो जागेविषयी व सहीच्या अधिकाराविषयी. विधवेचे नाव मात्र कार्यक्रमपत्रिकेत नसते.

दुसरी गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. जे सात जण निवडले गेले त्यांची नावे वाचा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना व नीकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत. मूळची मंडळी इब्री लोकांची, प्रेषित इब्री, तरी ज्या पक्षाची तक्रार होती त्याच बाजूचे लोक पेटीवर बसविले गेले असे ह्यावरून दिसते. जो बलवान होता त्याने हात मागे घेतला. बंधूंनो, आपल्या मंडळ्यांत अशी निवडणूक होते काय? कोण कोणत्या वाड्यातून आला, कोणाचे घराणे मिशनच्या जुन्या काळापासूनचे, कोण कोरकू, कोण नवा, हे आपण बाप्तिस्म्याच्या पाण्यात सोडून आलो असे म्हणतो. परंतु मतांची यादी करताना तेच सर्व पुन्हा हातात घेतो. काही ठिकाणी तर निवडणूक जवळ आली म्हणजे नातलगांना घाईने बाप्तिस्मा देऊन रजिस्टर भरण्याचा मोह होतो. जेथे मतासाठी बाप्तिस्मा दिला जातो, तेथे बॅप्टिस्ट ही पाटी राहिली तरी आतले सर्व गेले.

तिसरी गोष्ट, प्रेषितांनी पेटी आपल्याजवळ ठेवली नाही. प्रार्थना व वचनाची सेवा हे आपले काम, असे त्यांनी ठरविले. पाळकाच्या हाती किल्ली नसली तर त्याचा मान जात नाही, उलट त्याचे तोंड मोकळे राहते. आणि ज्यांच्या हाती वाटणी दिली तेही केवळ हिशेबात हुशार म्हणून निवडले गेले नाहीत. लोकांत नाव चांगले, अंतःकरणात पवित्र आत्मा व डोक्यात शहाणपण, ही तिहेरी कसोटी होती. त्यांतील एक पुढे रक्तसाक्षी झाला, दुसरा शोमरोनात सुवार्तिक झाला.

कोणी म्हणेल, ही प्रेषितांच्या काळची गोष्ट. तर आपल्या देशातलेच उदाहरण घ्या. विल्यम केरी ह्याने १८०५ साली मराठीचे व्याकरण व १८१० साली कोश छापिला हे पुष्कळांस ठाऊक आहे. बंगालातील श्रीरामपूर येथे तो, मार्शमन व वॉर्ड ह्यांनी आपली कमाई एका पेटीत टाकली. १८०५ साली त्यांनी एक करारनामा केला व तो प्रत्येक ठाण्यावर वर्षातून तीनदा मोठ्याने वाचावा असे ठरविले. ११ मार्च १८१२ रोजी त्यांच्या छापखान्यास आग लागून कागद, खिळे व हस्तलिखिते जळाली, तरी ते तिघे विलग झाले नाहीत. थोड्याच काळात काम पुन्हा उभे राहिले. परंतु इंग्लंडातील सोसायटीचा चिटणीस अँड्र्यू फुलर, ज्याच्या शब्दावर सर्वांचा भरवसा होता, तो १८१५ साली वारला. मग जागा कोणाच्या नावावर, अधिकार कोणाचा, हा वाद वाढत गेला आणि १८२७ साली सोसायटी व श्रीरामपूर वेगळे झाले. केरी १८३४ साली वारला, तोवर समेट झाला नव्हता. तो १८३७ साली झाला. पाहा, आगीने जे झाले नाही ते दस्तऐवजाने झाले. एवढे मोठे भक्त ज्या दगडावर अडखळले, तो आपल्या वाटेत नाही असे आपण समजू नये.

मग न्यायालयात कधीच जाऊ नये काय? पौलाने करिंथकरांना जे लिहिले त्याचा दुरुपयोग होतो, म्हणून स्पष्ट सांगतो. जेथे मुलास किंवा स्त्रीस इजा झाली, जेथे चोरी व खोटी सही झाली, तेथे "घरची गोष्ट घरात" म्हणून झाकणे हे पाप आहे. तेथे सरकार देवाने नेमलेले सेवक होय. पौल ज्यास लाज धरा म्हणतो ते हे की, आपल्या मानासाठी आपण भावास वेशीवर ओढावे आणि दोघांत निवाडा करील असा एकही शहाणा मंडळीत सापडू नये. धुऱ्यासाठी दोन भाऊ वीस वर्षे कचेरीत जातात, व शेवटी शेत वकिलाच्या फीत जाते, हे आपण वऱ्हाडात पाहिलेच आहे. देवाचे शेत तसे जाऊ देऊ नये.

म्हणून, उपदेशक बंधूंनो व वडील मंडळींनो, काही साध्या गोष्टी सुचवितो. दान मोजण्यास दोन निरनिराळ्या घरांची माणसे बसवावी. मंडळ्यांची वर्गणी नेताना पौलाने दुसरा निवडलेला भाऊ सोबत घेतला, कोणी दोष लावू नये म्हणून (२ करिंथ ८:१९–२१). हिशेब वर्षातून तीनदा, ज्यांस वाचता येत नाही त्यांस कळेल अशा रीतीने, मोठ्याने वाचावा. सभेच्या आधी प्रेषितांची कृत्ये यातील हा पाठ वाचून सर्वांनी गुडघे टेकावे. भगिनींना व मागे बसणाऱ्यांना नाव घेऊन विचारावे, कारण त्यांनीही तेच पाणी व तीच भाकर घेतली आहे. सभेचा पहिला विषय विधवा, आजारी व उपदेशकाचे वेतन हा असावा. जागेचा विषय शेवटी. आणि ज्याचे भावाशी वैर आहे त्याने आपले नाव पुढे करण्यापूर्वी त्याच्या दारी जावे.

शास्त्रपाठाच्या शेवटी लूक सांगतो की, त्यानंतर देवाचे वचन वाढत गेले व शिष्यांची संख्या फार झाली. आधी विधवेच्या ताटात भाकर पडली, मग सुवार्ता वाढली. हा क्रम आपण उलटा करू पाहतो. सुवार्ता वाढत नाही म्हणून आपण रडतो, परंतु गावचे लोक आपल्या उपदेशापेक्षा आपली सभा अधिक बारकाईने पाहतात. तेथे त्यांस ख्रिस्त धनी दिसला, तर आपण थोडे आहो म्हणून भिण्याचे कारण नाही. तो मंडळीचा मस्तक आहे. त्याच्या सभेत त्यासच अध्यक्ष बसवू या.