जादा शिक्षण कुणाचं?

'या जागेला तू जादा शिकलेला आहेस.' शिवाजी पेठेत हे वाक्य मी कितीदा ऐकलं. गंमत अशी, की ते आपल्याच पोरांना ऐकवलं जातं. वशिल्यानं चिकटलेल्याचं शिक्षण कोण मोजतो?

पेठेत पहाटे रस्ता झाडणाऱ्यांत एक पोरगा बी.ए. आहे. बाप सफाई कामगार. लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळं वारसाला नोकरी मिळते, तशी त्याला मिळाली. डिग्री कुणी विचारली नाही, कुणाचा पोरगा एवढंच विचारलं.

विद्वान लिहितात, शिक्षण आणि काम यांचा मेळ नाही. मित्रांनो, मेळ पक्का आहे, पण तो जन्माशी घातलेला आहे. लाहोरला न झालेल्या 1936 सालच्या भाषणात बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय, की जात म्हणजे नुसती कामाची वाटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी. ती धंदा बदलू देत नाही, म्हणून बेकारीलाही तीच कारण. कोलंबियात शिकून 1917 साली ते बडोद्याला नोकरीवर गेले, तर शिपाई लांबून फायली फेकायचे. तिथंही शिक्षण जादाच झालं होतं म्हणा की!

याच कोल्हापुरात शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 ला मागासलेल्यांसाठी 50 टक्के जागा राखल्या. त्या कचेरीतल्या जागा होत्या. झाडूसाठी हुकूम कधी लागलाच नाही. 1992 साली सुप्रीम कोर्टानं राखीव जागांना 50 टक्क्यांची मर्यादा घातली, पण गटारीत उतरणाऱ्यांत आपली टक्केवारी किती असावी, याला मर्यादा घालावी असं कुणाला वाटलं नाही.

मग त्या पोरानं ही नोकरी घ्यावी का? आपले काही कार्यकर्ते म्हणतात, फेकून दे झाडू. सभेत टाळ्या पडतात. पण पगार, आईचं औषध, राहायची खोली टाळ्या वाजवणारे देणार काय? त्यानं नोकरी घेतली यात मला काडीची लाज वाटत नाही. मी अडतो तो 'वारसा हक्क' या शब्दाशी. कुणाला वारशात रान, कुणाला वाडा, आपल्याला खराटा. त्याला हक्क म्हणून मोर्चा काढायचा, अन् नातवाचंही नाव त्याच यादीत चढवायचं?

तो पोरगा मला म्हणाला, "दादा, घर चालतंय न्हवं, म्हणून झाडतोय. पण कारकुनाची जागा निघाली की माझं सर्टिफिकेट कुठं जातंय?"

मी पाहिलेल्या निवेदनांत वारसांची मागणी पहिल्या नंबरवर असते. त्याचा हा सवाल शेवटच्या नंबरवरही नव्हता.