जेवल्यावर घ्यायची गोळी

नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात, बायकांच्या वॉर्डात, एक म्हातारी दाखल झाली. सुरगाण्याकडची होती. छातीत कफ झाला होता, अंगात ताप होता. सोबत नातू होता. द्राक्षांच्या कामाला तो दिंडोरीकडे आला होता, तिथूनच आजीला घेऊन आला. त्याचा रोज बुडत होता, पण तो काही बोलला नाही.

इंजेक्शनं संपली आणि गोळ्या सुरू झाल्या. वॉर्डात नव्याने आलेल्या सिस्टरने नीट समजावलं, "आजी, ही जेवल्यावर घ्यायची. सकाळी एक, रात्री एक." म्हातारीने मान हलवली.

उतरू लागलेला ताप पुन्हा चढला. म्हातारी आणखी गळाली. चादर बदलताना सिस्टरला पदराची गाठ लागली. सोडून पाहिली तर आत गोळ्या, एकही कमी नाही. सिस्टर चिडली. संध्याकाळी ड्यूटीची ओव्हर देताना म्हणाली, "पेशंट को-ऑपरेट करत नाही. हेकट आहे."

इन्चार्ज सिस्टरने ऐकून घेतलं. जेवणाची गाडी आली तेव्हा ती औषधांच्या टेबलाशी नोंदी करत उभी राहिली. म्हातारीने ताट घेतलं. वरणभात, भाजी, पोळ्या. पोळीत भाजी गुंडाळली, भात वाटीत दाबून भरला. इकडेतिकडे पाहिलं. दाराशी नातू आला, पदराआडून सगळं त्याच्या हातात गेलं. ताट पुसून परत गेलं. ताटं मोजून परत जात, त्यामुळे जेवण झालं अशीच नोंद होई.

इन्चार्ज सिस्टर खाटेवर टेकली. "आजी, गोळी का नाही घेतली?"

म्हातारी गोंधळली. "या बाईनंच सांगितलं, जेवल्यावर घ्यायची. मी जेवलेच नाही, मग कशी घेऊ?"

नवी सिस्टर शेजारीच उभी होती. तिला काही सुचेना.

त्या रात्री दोघींनी स्वयंपाकघरातून एक जादा ताट मागून घेतलं. सकाळी नातवाला जवळच्या शिवभोजन केंद्राचा रस्ता दाखवला. तिथं दहा रुपयांत थाळी मिळते, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. केंद्र दुपारचंच, म्हणून संध्याकाळचं ताट वॉर्डातूनच चालू राहिलं. म्हातारी जेवू लागली आणि जेवल्यावर गोळी घेऊ लागली. ताप उतरला. ती पायी जिना उतरून घरी गेली.

उपाशी राहिलेली आजी हेकट नव्हती; उलट सांगितलेलं सगळ्यात काटेकोरपणे तिनेच पाळलं होतं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने 1859 साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिलं, त्यातही हे दुखणं आहे: अन्न भरपूर असतं, पण ते आजाऱ्याच्या पोटात कसं जाईल याकडे लक्ष नसतं, आणि हजारो रुग्ण उपाशी राहतात. केस पेपरवर नाव, वय, गाव, आजार एवढंच विचारलेलं असतं. माणूस कुणाच्या काळजीत पडला आहे, याला तिथं रकाना नाही.

त्या वॉर्डात आता नवा पेशंट आला की सिस्टर केस पेपरच्या तळाशी हातानेच एक ओळ लिहितात: सोबत कोण, आणि तो कुठे जेवतो.