धारेचा धनी

लोक मानतात की नाशिकला नाव मिळाले ते एका पात्यामुळे. पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले म्हणून हे नासिक, ही कथा येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. ते पाते कोणाच्या हातात होते हे सारे जाणतात. ते कोणाच्या भट्टीतून निघाले होते, हे मात्र कोणी विचारत नाही. मीही विचारले नसते. परंतु निवृत्तीनंतर, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, मी सुऱ्या घडवायला शिकू लागलो आणि वर्षभरातच हा प्रश्न माझ्या अंगणात येऊन उभा राहिला.

माझे गुरू म्हणजे रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहणारे एक घिसाडी जोडपे. विळे, खुरपी, कुऱ्हाडी शेवटून देत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढीजात धंदा. नवरा भट्टीशी बसून सांडशीत लोखंड धरतो आणि बायको उभी राहून घण घालते. त्याचा लहान हातोडा जेथे टिचकी देईल तेथेच तिचा घण पडतो. दोघांत शब्द होत नाही. मला शिकवा म्हटल्यावर तो हसला. "बाबा, तुम्हांला पेन्शन आहे. हे कशाला?" माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. आयुष्यभर कागदावर काम केलेल्या माणसाला आपल्या हातून एखादी वस्तू व्हावी असे वाटते, एवढेच. आपल्या कॅथलिक पवित्र शास्त्रात बेन सिरा याचा जो ग्रंथ आहे, त्याच्या अडतिसाव्या अध्यायात ऐरणीजवळ बसलेला लोहार येतो. आगीच्या झळांनी त्याचे अंग होरपळते, घणाच्या आवाजाने कान बधिर होतात. अशी माणसे सभेत मानाच्या जागी बसत नाहीत, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही आणि त्यांची प्रार्थना त्यांच्या कामातच असते, असे तो ज्ञानी पुरुष सांगतो. हा अध्याय मी अनेकदा वाचला होता. तो मला कळला तो उजव्या हाताला फोड आल्यावर.

मालमोटारीच्या जुन्या कमानपाट्याचा तुकडा भंगारवाल्याकडे किलोवर मिळतो. त्यात कार्बनचे प्रमाण साधारण ०.६ टक्के असते, म्हणून ते पाणी धरते. खिडकीच्या साध्या गजाला कितीही पाणी दिले तरी धार टिकत नाही. लोखंड केशरी रंगावर आले की ठोकायचे आणि काळसर तांबडे पडले की हात आवरायचा. नवशिक्याचा हात नेमका तेथेच आवरत नाही. पाते आकाराला येत असते, आणखी दोन घाव घालू असे वाटते. थंडावलेल्या पोलादावर घातलेला घाव वरून दिसत नाही, तो आत जाऊन बसतो. पुढे पाणी देण्याची वेळ येते. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला लोखंड लोहचुंबकाला धरेनासे होते. त्याच्या थोडे वर नेऊन ते तेलात किंवा पाण्यात बुडवायचे. त्याने पाते काचेसारखे कठीण होते आणि काचेसारखेच ठिसूळ. म्हणून ते पुन्हा दोनशे अंशांच्या आसपास शेकून उतरवायचे. घासून उजळलेल्या अंगावर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला की थांबायचे. हे आकडे मी पुस्तकांतून मिळवले. घिसाडीदादांना ते ठाऊक नाहीत. ते संध्याकाळच्या अंधुक उजेडात रंग पाहतात आणि चुकत नाहीत.

माझे पहिले पाते पाण्यात शिरताच नखाने टिचकी मारावी तसा आवाज झाला. केसाएवढी भेग होती. कानशीने घासली असती तर ती बुजल्यासारखी दिसली असती. वर शिसवीची मूठ बसवली की सूनबाईला स्वयंपाकघरासाठी द्यायला छान, असे मी मनात म्हणत होतो. दादांनी पाते ऐरणीवर आपटले, बद्द आवाज आला. त्यांनी ते भंगारात टाकले आणि म्हणाले, "कांदा चिरताना तुकडा उडून तिच्या डोळ्यात गेला तर पाप कोणाचे?"

येथे वादाला जागाच नाही. पात्याच्या पोटात जे दडले आहे त्याला घडवणारा उत्तरदायी आहे. पण ज्या पात्यात भेग नाही, जे उत्तम उतरले आहे, ते कोणाच्या मुठीत जाते याला कोण उत्तरदायी?

आमच्या धर्मग्रामातील एक मुलगा माझ्याकडे आला. वय एकोणीस असेल. त्याला कोयता हवा होता. किती लांब, ते त्याने कोपरापर्यंत हात दाखवून सांगितले. कशाला रे, असे विचारताच त्याने न लाजता खरे सांगितले, "काका, कापायचं नाही कुणाला. हातात धरून फोटो काढायचाय." मोबाईलवर तो फोटो चढवायचा होता. मी त्याला दोन शब्द सुनावून परत पाठवले आणि त्या रात्री शांतपणे झोपलो. पंधरा दिवसांनी मिस्सा संपल्यावर त्याच्या आईने मला तो फोटो दाखवला. कोयता त्याने बाजारातून आणला होता.

मी चुकलो का? संत थॉमस अक्वायनस यांना हा प्रश्न ठाऊक होता. गंमत अशी, की त्याचे उत्तर त्यांच्या 'सुम्मा थिऑलॉजिका'त शस्त्रांच्या नव्हे तर स्त्रियांच्या वेशभूषेच्या चर्चेत सापडते. अलंकार घडवणारे कारागीर पाप करतात काय, या शंकेला उत्तर देताना ते म्हणतात की ज्या वस्तूचा पापावाचून उपयोगच होत नाही ती घडवणे पाप आहे, आणि तेथे ते मूर्तिपूजेच्या साहित्याचे उदाहरण देतात. परंतु ज्या वस्तूचा उपयोग चांगला होऊ शकतो आणि वाईटही, जसे तलवार वा बाण, ती घडवण्याची कला पाप नव्हे. पुढे प्लेटोचा आधार घेऊन ते एक पुस्ती जोडतात. एखाद्या कलेच्या वस्तू बहुतांशी वाईटाकडेच जात असतील, तर ती कला स्वतः निषिद्ध नसली तरी राज्यकर्त्याने तिला राज्यातून दूर करावे. आपला १९५९ चा शस्त्र अधिनियमही याच वाटेने चालतो. केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू त्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. म्हणजे कायदाही पात्याकडे पाहताना ते कशासाठी घडवले, हे विचारतो.

कोयत्याच्या बाबतीत मात्र हे उत्तर अपुरे पडते. यशयाच्या दुसऱ्या अध्यायात, तलवारींचे फाळ होतील त्या दिवसाच्या वर्णनात, मराठी भाषांतराने भाल्यांच्या 'कोयत्या' केल्या आहेत. शांतीच्या राज्याचे चित्र काढताना आपल्या भाषांतरकारांना हे अवजार सुचले! (योएल संदेष्टा हेच चित्र उलटे फिरवतो आणि फाळांच्या तलवारी करायला सांगतो, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.) महाराष्ट्रात ऊसतोडणीच्या हिशेबात नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, एकट्या मजुराला 'अर्धा कोयता'. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ च्या 'लाबोरेम एक्झर्चेन्स' या परिपत्रकात लिहिले की कामाचे मोल प्रथम ते करणारा माणूस आहे म्हणून असते. येथे तर माणसाचेच नाव अवजाराने गिळले आहे. आणि २०२२-२३ च्या सुमारास पुण्यातील वर्तमानपत्रांतून 'कोयता गँग' हा शब्द रोज येऊ लागला. पोलिसांनी कोयते विकणाऱ्या दुकानांकडेही मोर्चा वळवला. शांतीचे चिन्ह, कष्टकऱ्याचे नाव आणि दहशतीची खूण असलेल्या या पात्यात लोहाराच्या दृष्टीने काहीच फरक नाही. तेच पोलाद, तीच वाक, तेच पाणी. लोहारालाच आवरावे, हा उपाय जुना आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकात पलिष्ट्यांनी तेच केले. इस्राएलात लोहार राहू दिला नाही, आणि शेतकऱ्याला आपला फाळ पाजवायला शत्रूच्या दारी जावे लागले.

आपल्या नीतिशास्त्रात दुसऱ्याच्या पापातील सहकार्याचा विचार फार बारकाईने झाला आहे. संत आल्फोन्सस लिगोरी यांनी त्यात मोठी भर घातली. पापाच्या हेतूत सामील होणे वेगळे आणि हेतूशिवाय केवळ कृतीने हातभार लागणे वेगळे, हा भेद उपयोगी आहे. तो नसता तर कोणा किराणा दुकानदाराला सुखाने झोप लागली नसती. तरीही हा सारा विचार एकच मोजमाप करतो. पापापासून मी किती दूर उभा राहिलो म्हणजे पुरे? त्या मुलापासून मी पुरेसा दूर होतो. त्याच्या आईसमोर उभा असताना मला तेच खुपत होते.

मी ही हकिकत दादांना सांगितली. मला वाटले होते की ते म्हणतील, बरे केले. ते म्हणाले, "मी दिला असता." मी चकित झालो. "आठवडे बाजारात मी ढीग लावून विळे विकतो, बाबा. कुणाकुणाचं तोंड बघू? पण ज्याचं तोंड दिसलं त्याला लगेच दिला नसता. त्यालाच मूठ बसवायला लावली असती. नवख्याला मूठ बसवायला दोन दिवस जातात." मावशी घण टेकवून उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "आणि दोन दिवस जेवायला कोण घालणार?" आम्ही तिघेही हसलो.

दादांचे म्हणणे मला पूर्णपणे पटलेले नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या हातात हातभर पाते द्यायचे आणि दोन दिवसांच्या सहवासावर भरवसा ठेवायचा, हे धाडस माझ्याने होणार नाही. पण त्यांनी त्याला दोन दिवस दिले असते आणि मी दोन मिनिटे दिली, हे गणित डोळ्यांपुढून हलत नाही.

याच नाशकात एकेकाळी कोवळ्या हातांना हातोडा देण्याचे धाडस लोकांनी केले होते. शरणपूर हा आज शहराचा गजबजलेला भाग आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे चर्च मिशनरी सोसायटीचे ख्रिस्ती गाव होते. मिशन आपल्या पंथाचे नव्हते, पण आठवण आपलीही आहे. अरबी समुद्रावर गुलामांच्या गलबतांतून सोडवलेली आफ्रिकी मुले मुंबईमार्गे तेथे आणली जात, आणि त्यांना अक्षरांबरोबर सुतारकाम, लोहारकाम असे धंदे शिकवले जात. लोहार कोणी बेडीही घडवतो. संत थॉमस यांच्या कसोटीवर गुलामाची बेडी बहुधा पहिल्या वर्गात, पापावाचून उपयोग नसलेल्या वस्तूंत, पडेल. ज्यांनी ते लोखंड पाहिले होते त्यांच्याच हाती नाशकात ऐरणीवरचे लोखंड दिले गेले. त्या शाळेतला जेकब वेनराइट पुढे डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या सोबत होता. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात लिव्हिंग्स्टन वारले, तेव्हा ज्या झाडाखाली त्यांचे हृदय पुरले त्या झाडाच्या खोडावर त्यांचे नाव आणि मृत्युदिन वेनराइटने कोरला. पुढे त्या खोडाचा तो भाग लंडनला नेण्यात आला. ते कोरणारे पाते कोणत्या लोहाराने घडवले होते, कोण जाणे. तो हात घडवायला मात्र नाशकातल्या काही माणसांनी वर्षे खर्चली होती, दोन मिनिटे नव्हेत.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. उपदेश करायचा नाही असे ठरवून गेलो होतो आणि तरीही थोडा केलाच. मग म्हटले, शनिवारी तो कोयता घेऊन ये, पाहू कसा आहे. तो आला. मी त्याच्या हातात कानस दिली आणि धारेवर फिरवायला सांगितली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. पाते साध्या पत्र्याचे होते, पाणी दिलेलेच नव्हते. त्याने ऊस सोडा, कडब्याची पेंढीही नीट तुटली नसती. मुलगा फार खट्टू झाला. मला हसू आले, आणि हसल्याबद्दल लगेच वाईटही वाटले. मग तासभर तो भट्टीचा पंखा फिरवत बसला. केशरी रंग ओळखायला शिकला, दोनदा चुकला, तर्जनी भाजून घेतली. जाताना कोयता येथेच ठेवू का, असे त्याने विचारले. मी ठेव म्हणालो.

पुढच्या शनिवारी तो आला नाही. त्यानंतरच्या शनिवारी आला, अर्धा तास थांबला आणि कोणाचा तरी फोन आल्यावर निघून गेला. कोयता माझ्या कोठाराच्या भिंतीला टेकवून ठेवला आहे. तो तापवून त्याचे काही करता येईल अशी त्याची जात नाही, आणि तो माझाही नाही. त्याने मागितला तर द्यायचा की नाही, हे मी अद्याप ठरवलेले नाही. घिसाडी जोडपे पावसापूर्वी पाल उठवून पुढच्या गावी गेले. विचारायला तेही आता येथे नाहीत.